सस्पेन्स खात्यातली मुलगी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अमेरिकेहून माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र उलटत आलेली. अशा अवेळी फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसाच्या मनात पहिला विचार जो येतो, तोच आला. पण त्याचा आवाज शांत होता. म्हणाला, "मामा, घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. तू बँकेत कर्जाची प्रकरणे तपासायचास ना? तसा एक कागद तुझ्या नजरेखालून घालायचा आहे. आम्हा दोघांना त्यातले चांगले तेवढेच दिसते आहे."

कागद म्हणजे त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीला आलेले एक पत्र होते. एका लहान खाजगी महाविद्यालयाने येत्या हंगामापासून स्वतःचा मार्चिंग बँड उभा करायचे ठरवले होते आणि त्या बँडच्या पुढे बॅटन फिरवत चालण्यासाठी त्यांना ही मुलगी हवी होती. राहण्याजेवण्यासह वर्षाचा खर्च पन्नास हजार डॉलरच्या घरात. त्यातली बरीचशी रक्कम 'गुणवत्तेबद्दल' माफ, आणि वर बँडची म्हणून वर्षाला तीन हजार डॉलरची शिष्यवृत्ती. एका नव्या परंपरेचा पाया घालण्याची संधी तिला मिळते आहे, अशा आशयाचा मजकूर शेवटी होता.

माझी थोरली बहीण, म्हणजे त्या मुलीची आजी, ही हकीगत ऐकून म्हणाली, "काठी फिरवायचे पैसे देतात होय रे अमेरिकेत?" घरात हशा झाला. मीही हसलो. पण नंतर दोन-तीन आठवडे तो कागद, आणि त्यानिमित्ताने वाचलेले आणखी बरेच कागद, पाहत बसलो, तेव्हा हसू मावळले. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मैदानावर सध्या पैशाची जी मोठी उलथापालथ चालू आहे, तिचा एक बारीकसा धागा या मुलीच्या हातातल्या काठीपर्यंत येऊन पोचला होता.

ही काठी आधी समजून घ्यायला हवी. सव्वीस जानेवारीच्या संचलनात लष्करी बँडच्या पुढे एक उंचापुरा जवान हातातला दंड उंचावत, फिरवत चालतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला ड्रम मेजर म्हणतात. बॅटन हे त्याच दंडाचे धाकटे भावंड. युरोपातल्या लष्करी बँडांतून ते अमेरिकेत गेले आणि विसाव्या शतकात तिथल्या शाळा-महाविद्यालयांच्या बँडांपुढे मुलींच्या हातात आले. पोलादाची पोकळ, बारीक नळी, लांबी सुमारे हातभर, दोन्ही टोकांना रबराची बोंडे. एक बोंड मोठे, एक लहान. त्यामुळे काठीचा तोल बरोबर मध्यावर नसतो, किंचित मोठ्या बोंडाकडे असतो. तो नेमका बिंदू बोटांना कळायलाच वर्षे जातात. काठी बोटांतून, मनगटावरून, कोपरावरून, मानेवरून फिरवायची, उंच फेकायची, ती हवेत असताना स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घ्यायच्या आणि खाली येताना न चुकता झेलायची. हे सारे उघड्या मैदानावर, वाऱ्यात, डोळ्यांवर झगझगीत दिवे असताना, बँडच्या ठेक्यावर करायचे. आमची ही मुलगी वयाच्या सातव्या वर्षापासून ते करते आहे. त्यांच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ती लेझीमही खेळते. तिचे म्हणणे असे की लेझीम हातातून सुटत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही.

ज्या खेळाच्या सामन्यात हे चालते तो अमेरिकन फुटबॉल. तो आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा. त्यात हातात चेंडू धरून धावायचे असते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात या सामन्याला लाखाहून अधिक माणसे बसतात. महाविद्यालयीन सामन्याचे मध्यंतर वीस मिनिटांचे. त्यात मैदान बँडचे असते. दोन-तीनशे वादक वाजवत, चालत, मैदानावर अक्षरे आणि आकृत्या रचतात आणि त्यांच्यापुढे बॅटन फिरवणारी मुलगी असते.

या मुलीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १८८६ सालचा. तिथे १९५४ साली बँडचे संचालक ॲल राइट यांनी 'गोल्डन गर्ल' ही जागा निर्माण केली. तेव्हापासून आजतागायत एकामागून एक मुली तो सोनेरी पोशाख घालत आल्या आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या प्रसिद्ध बँडमध्ये मात्र वादक म्हणून मुलींना प्रवेश मिळाला तो १९७३ साली. म्हणजे तिकडच्या बँडपुढे मुलगी झळकली पाहिजे हे एका विद्यापीठाला सुचून गेले, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठाच्या लक्षात आले की मुलगी ट्रम्पेटही वाजवू शकते. शोभेसाठी दार लवकर उघडते आणि कामासाठी उशिरा, हे आपल्याला नवीन नाही.

आता प्रश्न असा की नवा बँड काढायचे आजच कोणाला का सुचावे? माझ्या वाचनात त्याची दोन प्रकारची उत्तरे आली.

पहिला प्रकार श्रीमंतांचा. व्हर्जिनिया विद्यापीठात पूर्वी विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवलेला एक खट्याळ बँड होता. कवायत कमी आणि टिंगल जास्त. डिसेंबर २००२ मध्ये एका मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी प्रतिस्पर्धी वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांची गावंढळ म्हणून नक्कल केली. त्या राज्याचे गव्हर्नर संतापले, विद्यापीठाच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. पुढच्याच वर्षी कार्ल आणि हंटर स्मिथ या दांपत्याने पंधरा लाख डॉलरची देणगी दिली आणि २००४ सालच्या हंगामात गणवेशातला, शिस्तीतला, नवाकोरा मार्चिंग बँड मैदानात उतरला. जुन्या बँडची मैदानावरची जागा गेली. यात हौस आहे, प्रतिष्ठा आहे, पाठीशी देणगीदार आहे. असा बँड बुडत नाही.

दुसरा प्रकार गरजूंचा, आणि आमच्या हातातले पत्र त्या प्रकारातले होते. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख मुले जन्मली. तो उच्चांक होता. त्यानंतर मंदी आली आणि जन्मांची संख्या उतरत गेली ती पुन्हा त्या पातळीवर आली नाही. २००७ मध्ये अठरा मिळवा, २०२५ येते. म्हणजे महाविद्यालयाच्या दारात येणाऱ्या मुलांची संख्या आता घटत जाणार, हे तिथल्या प्रत्येक प्राचार्याला गेली कित्येक वर्षे ठाऊक आहे. मोठ्या, नामांकित विद्यापीठांना त्याची झळ लागत नाही. लागते ती फीवर जगणाऱ्या लहान खाजगी महाविद्यालयांना. त्यांची अवस्था आपल्याकडे जागा रिकाम्या राहिलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसारखी. मग विद्यार्थी आणायचे कसे? नवा खेळ काढा, फुटबॉलचा संघ काढा, बँड काढा. शंभर जणांचा बँड म्हणजे फी भरणारे शंभर विद्यार्थी. त्यांतले बरेचसे बँड नसता तर आलेच नसते.

आता बँकेतल्या माणसासारखे पाहू. शिष्यवृत्ती तीन हजार हे वाचून भाचा हुरळला होता. पण तिथली खाजगी महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जाहीर फीत सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. लग्नसराईत 'सेल'ची पाटी लावणाऱ्या दुकानात मूळ किंमत कोणीच देत नाही, तसेच हे. तेव्हा 'गुणवत्तेबद्दल' दिलेली मोठी सूट ही या मुलीची खास कमाई नव्हती. ती बहुतेकांना मिळतेच. तिच्या दहा वर्षांच्या मेहनतीची खरी किंमत त्या पत्रात तीन हजार एवढीच होती. उलट ती गेल्याने महाविद्यालयाच्या तिजोरीत सूट वजा जाता वर्षाला वीस-बावीस हजार डॉलर येणार होते. व्यवहार वाईट नव्हता; पण कोण कोणाला देते आहे, हे मात्र पत्राच्या भाषेवरून वाटत होते त्याच्या नेमके उलटे होते.

याच वेळी त्या मैदानाच्या दुसऱ्या भागात काय चालले आहे? २०२१ सालापर्यंत महाविद्यालयीन खेळाडूने आपल्या नावावर एक डॉलर कमावणेही निषिद्ध होते. त्या वर्षीच्या जुलैपासून जाहिरातींची कमाई करायला मुभा मिळाली. आणि ६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी 'हाऊस विरुद्ध एनसीएए' या खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली. तिच्यानुसार पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे ठरले आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. २०२५-२६ या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर. मोठ्या विद्यापीठांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलच्या आणि पुरुषांच्या बास्केटबॉलच्या खेळाडूंकडे जाणार, हे उघड आहे. मला त्यात गैर वाटत नाही. ज्यांच्या खेळावर दूरचित्रवाणीचे अब्जावधींचे करार होतात, त्यांना वाटा मिळायला हवाच होता. शंभर वर्षांची बिनपगारी चाकरी संपली.

पण त्याच गवतावर, त्याच दिव्यांखाली, त्याच प्रेक्षकांसमोर असलेल्या मुलीचे काय? ती खेळाडू नाही, म्हणून या पैशात तिचा वाटा नाही. ती वादकही नाही, म्हणून संगीत विभागाच्या शिष्यवृत्त्यांत तिची जागा डळमळीत. कित्येक विद्यापीठांत बँड हा एका क्रेडिटचा अभ्यासविषय असतो. म्हणजे ऑगस्टमधल्या उन्हातल्या शिबिरापासून नोव्हेंबरातल्या थंडीपर्यंत तिने घाम गाळायचा आणि वर तो विषय घेतल्याची नोंद आपल्या फीच्या पावतीत पाहायची.

ती खेळाडू का नाही, याचेही उत्तर कायद्यात आहे. १९७२ सालच्या 'टायटल नाइन' या प्रसिद्ध कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी द्यायला लावली. महाविद्यालयीन खेळांत अमेरिकन मुली आज जिथे आहेत ते या कायद्यामुळे. पण 'खेळ' कशाला म्हणायचे? ज्याचा मुख्य हेतू स्पर्धा हा आहे, त्याला. दुसऱ्या खेळाला शोभा आणण्यासाठी जे केले जाते, त्याला नाही. २०१० साली कनेटिकटमधल्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. विद्यापीठाला मुलींचा व्हॉलिबॉलचा संघ बंद करून त्याऐवजी चीअरलीडिंगचा संघ मोजून दाखवायचा होता. न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी ते मानले नाही. ते चीअरलीडिंग अजून खेळ म्हणून पुरेसे संघटित झालेले नाही, असा निकाल त्यांनी दिला. २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो कायम केला. निकाल योग्यच होता. नाहीतर प्रत्येक विद्यापीठाने खरे खेळ बंद करून शोभेच्या मुली मोजून दाखवल्या असत्या. पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीच्या अंगमेहनतीला खेळाचा दर्जा मिळत नाही, हे त्यातून आणखी पक्के झाले.

आणि गंमत पाहा. हीच काठी घेऊन हीच मुलगी बंद सभागृहात परीक्षकांसमोर उभी राहिली की ती खेळाडू असते. बॅटन फिरवण्याच्या जागतिक स्पर्धा १९८० सालापासून होतात. पहिली सिॲटलला झाली. जपानच्या मुलामुलींनी या क्रीडाप्रकारात मोठे नाव केले आहे. काठी पडली की गुण कापले जातात, फेकीखालच्या गिरक्या मोजल्या जातात, सारे काही जिम्नॅस्टिक्ससारखे. म्हणजे काठी तीच, हात तेच. जागा बदलली की नाव बदलते.

आमच्या बँकेत एक सोय होती. एखादी रक्कम आली आणि ती कोणत्या खात्यात जमा करायची हे कळेना, की ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची. उद्या-परवा उलगडा झाला की योग्य खात्यात वळती करायची. पण 'उद्या-परवा' म्हणता म्हणता नोंदी तिथेच राहत. वर्षे जात. लेखापरीक्षक आला की तो अनुभवी असेल तर आधी सस्पेन्स खाते उघडायला लावी. विचारी, "ही रक्कम कोणाची? इतकी वर्षे इथे का पडली आहे? मालकाला कळवले का?" त्या प्रश्नांची आम्हाला भीती वाटत असे, कारण उत्तर नसे. अमेरिकन विद्यापीठाच्या खतावणीत बॅटन फिरवणारी मुलगी ही अशी सस्पेन्स खात्यातली नोंद आहे. तिचे मोल सर्वांना मान्य आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत तिचे छायाचित्र असते. ते मोल कोणाच्या नावे जमा करायचे, एवढेच ठरलेले नाही.

हे सरकारलाही ठरवता आलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जाहीर केले की विद्यापीठांनी खेळाडूंना दिलेल्या पैशालाही 'टायटल नाइन'ची समानता लागू होते. सरकार बदलले, आणि फेब्रुवारीत ते पत्रक मागे घेतले गेले. जिथे खेळाडू म्हणून नोंद असलेल्या मुलींच्या वाट्याचे हे हाल, तिथे नोंदच नसलेल्या मुलीची दखल कोण घेणार?

मी भाच्याला हे सर्व लिहून कळवले. उत्तर त्याच्या मुलीकडून आले, तेही फोनवर. तिचे मराठी घरातले आहे, अडखळत येते, पण मुद्दा सोडत नाही. म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळे मोजलेत. पण पहिली असणे तुम्ही मोजले नाहीत."

मी विचारले, "म्हणजे काय ग?"

तेव्हा तिने मला पर्ड्यूची गोष्ट सांगितली. ती मी आधी वर लिहिली आहे, पण मला कळली ती तिच्याकडून. आणखी एक सांगितली. मिसिसिपीतल्या आल्कॉर्न स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठात १९६८ साली बँडपुढच्या मुलींनी बॅटन बाजूला ठेवली आणि बँडच्या संगीतावर त्या नाचू लागल्या. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत आज बँडपुढच्या नाचाची जी देखणी परंपरा आहे, तिच्या सुरुवातीच्या मुलींमध्ये त्यांची गणना होते. "जुन्या बँडमध्ये गेले की पोशाख ठरलेला, चाल ठरलेली, हसणेसुद्धा ठरलेले," ती म्हणाली. "नव्या बँडमध्ये मी जे करीन ते पुढच्या मुली करतील."

मी गप्प झालो. माझी पहिली कादंबरी एका अगदी नव्या, लहानशा प्रकाशकाने छापली होती. मानधन जवळजवळ नव्हतेच. जुन्या, मोठ्या प्रकाशकाकडे दोन वर्षे थांबायची माझी तयारी नव्हती. तेव्हा कोणी मला ताळेबंद दाखवला असता तर मी तरी ऐकले असते का? पहिले असण्याचे मोल असते. फक्त ते ज्याला मिळते त्यालाच कळते, आणि देणारा ते ओळखून आपला भाव पाडतो.

म्हणून मी तिला नको म्हटले नाही. चार प्रश्न लिहून दिले आणि सांगितले की हे वडिलांनी नव्हे, तू स्वतः महाविद्यालयाला विचार. एक : शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे की दरवर्षी नव्याने ठरणार? दोन : सरावात मनगट किंवा गुडघा दुखावला आणि बॅटन फिरवता आले नाही, तर ती चालू राहील का? तीन : त्या दुखापतीचा खर्च कोणाचा, महाविद्यालयाचा की घरच्या विम्याचा? चार : काही कारणाने बँडच बंद झाला, तर काय? मी सांगितले, उत्तर लेखी माग. तोंडी आश्वासनाला बँकेत आम्ही कधी तारण मानले नाही.

पाचवे काम मी स्वतः केले. अमेरिकेत ना-नफा संस्थांचे करविवरण, 'फॉर्म ९९०', कोणालाही पाहता येते. ही एक फार चांगली गोष्ट त्या देशात आहे. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांना ती लागू करावी असे फार वाटते. त्या महाविद्यालयाचे पाच वर्षांचे कागद भाच्याने काढून पाठवले. पाचपैकी तीन वर्षे तूट. नवा फुटबॉल संघ, नवा बँड, आणि कर्जाचा आकडा चढता. असे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी खाली शिफारस लिहिली नसती.

यात माझी शंकेखोर वृत्ती नव्हती. दक्षिण कॅरोलायनातले लाइमस्टोन विद्यापीठ १८४५ सालचे, त्या राज्यात मुलींसाठी सुरू झालेले पहिले महाविद्यालय. विद्यार्थी आणण्यासाठी त्यांनी खेळांवर भिस्त ठेवली, २०१४ मध्ये फुटबॉलही सुरू केला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना तगण्यासाठी साठ लाख डॉलर हवे होते. जेमतेम तिसरा हिस्सा उभा राहिला आणि मे महिन्याबरोबर विद्यापीठ बंद झाले. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालयाची गोष्ट तर मनात घर करून राहते. १८५६ सालची संस्था, २००७ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केलेली. ३१ मे २०२४ रोजी ती कायमची बंद झाली, आणि त्याच दिवशी तिचा बेसबॉलचा संघ ओहायोत राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत खेळत होता. कॉलेज राहिले नव्हते, संघ मात्र मैदानात होता. खेळ आणि बँड माणसे आणतात. पण पाया खचलेला असेल तर ती माणसे खचत्या पायावरच येऊन उभी राहतात.

महाविद्यालयाचे उत्तर आठवड्याभरात आले. बँडच्या संचालकांनी स्वतः लिहिले होते आणि प्रामाणिकपणे लिहिले होते. शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने ठरेल. दुखापत झाली तर बँडच्या इतर कामांत मदत करून ती चालू ठेवता यावी असा ते प्रयत्न करतील. खर्च घरच्या विम्यातून. चौथ्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. त्याच्याही हातात काही नव्हते. त्याची स्वतःची नोकरीही नव्या बँडइतकीच नवी असणार.

निर्णय मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत कळवायचा होता. दोन दिवस आधी मुलीने कळवले की ती तिथे जाणार नाही. घरापासून तीन तासांवर राज्याचे मोठे विद्यापीठ आहे, फी पुष्कळच कमी, हवा तो विषय आहे. तिथे बँड जुना आहे. निवडचाचणी द्यावी लागेल, निवड झाली तर मागच्या रांगेत उभे राहावे लागेल, आणि पैसे म्हणून काहीच मिळणार नाहीत. माझा सल्ला तिने मानला, याचा मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. ती फोनवर नेहमीसारखी बोलत नव्हती. सावध सल्ला बरोबर ठरला तरी तो कोणाच्या तरी उमेदीतून वजा होतोच.

आणि तो बँड काही थांबणार नाही. ऑगस्टमध्ये त्या महाविद्यालयाच्या मैदानावर नवे गणवेश घालून मुले उभी राहतील आणि त्यांच्यापुढे दुसरी कोणी सतरा-अठरा वर्षांची मुलगी असेल. तिचा आजोबा बँकेत नसेल. तिने चार प्रश्न विचारले नसतील. माझ्या हिशेबाने एक मुलगी बाजूला झाली एवढेच. रकाना रिकामाच राहिला.

तो भरणे अवघड आहे असे मला वाटत नाही. तिला फुटबॉलपटूइतके पैसे द्या असे कोणी म्हणत नाही. जिला मैदानावर उतरवता तिची शिष्यवृत्ती चार वर्षांची ठेवा, तिच्या दुखापतीचा खर्च खेळाडूच्या दुखापतीसारखा संस्थेने सोसावा, आणि बँड बंद झाला तरी दिलेला शब्द पाळावा. दोन कोटी डॉलर वाटणाऱ्या विद्यापीठांना हे सहज शक्य आहे. लहान महाविद्यालयांना जड जाईल. पण ज्याला हे जड जाते त्याने नवा बँड काढू नये, इतके तरी म्हणता येईल. चीअरलीडिंगच्या बाबतीत पुढे वाट निघाली. त्यातला कसरतींचा भाग वेगळा काढून, स्पर्धेचे नियम बांधून, 'ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग' या नावाने २०२० साली एनसीएएने त्याला उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतले. म्हणजे मनात आणले तर रकाना तयार करता येतो.

हे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेच्या काठीचे आपल्याला काय? आपल्याकडे मंत्री येणार म्हणून सकाळी आठपासून उन्हात लेझीम घेऊन उभ्या केलेल्या शाळेतल्या मुली आठवून पाहा. पाहुणे अकराला येतात. कार्यक्रमाच्या खर्चात मंडपाची नोंद असते, हारतुऱ्यांची असते, ध्वनिक्षेपकाची असते. मुलींना बिस्किटाचा पुडा मिळतो आणि त्याची पावतीही बहुधा मंडपवाल्याच्याच बिलात असते.

परवा भाच्याने एक छोटी चित्रफीत पाठवली. घरामागच्या अंगणात मुलगी निवडचाचणीचा सराव करते आहे. काठी उंच गेली, दोन गिरक्या झाल्या, तिसरीला थोडा उशीर झाला आणि काठी गवतात पडली. तिने ती वाकून उचलली, रबराच्या बोंडाला लागलेली माती पोशाखाला पुसली आणि पुन्हा फेकली. या वेळी झेलली. किती वाजले होते ते भाच्याने लिहिले होते : सकाळचे सहा. त्या सहा वाजण्याची नोंद कोणत्या खात्यात करायची, ते मला बँकेतल्या इतक्या वर्षांनंतरही सांगता येणार नाही.